जोडीदार गेलेल्यांसाठी आधारगट: किती माणसं, किती बैठका, कुणाला घेऊ नये?

कार्यवाह_गिरगाव

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची गिरगावात एक खोली आहे. बारा बाय अठरा फूट, पंधरा प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन पंखे. शनिवारी दुपारी चार ते सहा रिकामी असते. जोडीदार गेलेल्या सभासदांसाठी तिथे आधारगट चालवायचा ठराव झालाय. आत्ताची पद्धत अशी: कुणी वारलं की शोकसभा, दोन मिनिटं उभं राहणं, तेराव्याला हजेरी. त्यानंतर त्या माणसाची गाठ पडते ती थेट पुढच्या सहलीला, आला तर.

गट किती जणांचा असावा? मृत्यूनंतर किती दिवसांनी बोलवावं? येईल त्याला घ्यावं की नावं ठरवून? संघात दोन निवृत्त शिक्षिका आहेत, बोलायला चांगल्या. त्यांनी गट चालवला तर चालेल, की समुपदेशकच हवा? एक सभासद दुःखाच्या पाच पायऱ्यांचा (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) फ्लेक्स छापायला निघालेत. भजनाने सुरुवात करावी असंही एक मत आहे. महिन्याला दोन हजारांपलीकडे खर्च झेपणार नाही. तत्त्वज्ञान नको, कामाचं सांगा.

पारावरची

आधी तो फ्लेक्स थांबवा. पाच पायऱ्या एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या गळ्यात त्या नंतर पडल्या. तक्ता भिंतीवर लागला की माणूस स्वतःला तपासायला लागतो: 'मला राग आलाच नाही, म्हणजे माझं काही चुकतंय का?' आणि शेजारचा त्याला सांगायला लागतो, 'तुमची अजून तिसरी चाललीये.'

त्यापेक्षा गट चालवणाऱ्यांनी स्ट्रोब आणि शुट या शोकाच्या अभ्यासकांची १९९९ ची मांडणी डोक्यात ठेवावी. दुःखातलं माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतं. एका काठावर आठवण, रडू, फोटो. दुसऱ्यावर गॅसचा नंबर लावणं, वीजबिल, बँक. सकाळी ढसाढसा रडून दुपारी क्रिकेटचा स्कोअर विचारणारा ढोंगी नसतो, त्याची ये-जा चालू असते. जो महिनोन्‌महिने एकाच काठावर बसलाय, मग तो कुठलाही काठ असो, त्याच्याकडे लक्ष द्यायचं.

संख्या आठ. हिशेब करून बघा: नव्वद मिनिटांची बैठक, सुरुवातीची दहा आणि शेवटची पंधरा सोडली तर पासष्ट उरतात. आठ जणांत प्रत्येकी आठ मिनिटं. पंधरा खुर्च्या भरल्यात तर जेमतेम चार, म्हणजे माणूस तोंड उघडेपर्यंत पाळी संपली. सहाच्या खाली नको, दोघांनी दांडी मारली की गट बसतो. नावं ठरलेली, आठवड्याला एक, एकूण आठ बैठका, मध्ये नवा माणूस नाही. दार उघडं ठेवलं की दर शनिवारी कुणीतरी ताजं दुःख घेऊन येतं आणि जुन्यांना पुन्हा पहिल्या पानावर जावं लागतं. तारखा काढताना गणपती बघा. गिरगावात त्या दिवसांत ढोलाच्या आवाजात कुजबुजलेलं वाक्य ऐकू येणार नाही, आणि विसर्जनाला तर रस्तेच बंद.

गटात बोलवायचं ते दोन-तीन महिन्यांनंतर. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. सुन्नपणा ओसरून खरा रितेपणा कळायला लागतो तो नंतर, आणि नेमकं तेव्हा कुणी फिरकत नाही. वरची मर्यादा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम पहिल्या बैठकीच्या आधी. प्रत्येकाशी अर्धा तास, एकेकट्याशी. कोण गेलं, कधी, कसं. आता घरात कोण. झोप किती, जेवण किती. गोळ्या कोण देतं, हे जरूर विचारा, कारण बीपी-साखरेचा डबा बायको भरायची आणि ती गेल्यापासून गोळ्या अंदाजपंचे चालल्यात, हे फार ठिकाणी असतं. दारू. आधीचा मानसिक आजार. आणि एक प्रश्न आडवळणाने न विचारता सरळ: 'आपणही संपावं असं मनात येतं का? त्यासाठी काही ठरवलंय का?' विचारल्याने डोक्यात भरत नाही. उलट विचारणारा भेटला याचंच बरं वाटतं. ठरवलंय असं उत्तर आलं तर त्या माणसाला गटात बसवू नका. एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

ज्यांचं माणूस आत्महत्येत किंवा खुनात गेलंय, किंवा तरुण मूल गेलंय, तेही या गटात नकोत. दीर्घ आजारानंतर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बायको गेलेले गृहस्थ आणि चोविशीतला मुलगा गेलेली आई एका वर्तुळात बसवली की दोघंही मुकी होतात. गृहस्थांना आपलं दुःख सांगायची लाज वाटते, आणि त्या बाईला वाटतं, यांना काय कळणार. तिची सोय वेगळी लावा.

शिक्षिका चालतील, पण शिक्षकी सवयी बाहेर ठेवून: वाक्य पूर्ण करून देणं, चूक दुरुस्त करणं, 'छान बोललात' म्हणणं. नेहमी दोघींनी मिळून चालवायचं. एक बोलणाऱ्याकडे बघते, दुसरी बाकीच्या सातांकडे. कुणी उठून बाहेर गेलं तर दुसरी मागे जाते, गट थांबत नाही. दर बैठकीला समुपदेशक परवडत नसेल तर महिन्यातून एकदा एक प्रशिक्षित माणूस या दोघींसाठी बोलवा: काय घडलं, कुठे अडलं हे बघायला. 'समुपदेशक' ही पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी असेल तर शोकाचं काम कुणाच्या देखरेखीखाली केलंय ते विचारा.

पहिल्या बैठकीत ओळख एवढीच: कोण गेलं, किती महिने झाले, आणि ते माणूस तुम्हाला काय हाक मारायचं. हा तिसरा प्रश्न कुलूप उघडतो. 'अगं ऐकलंस का' ही हाक बंद झाली, हे त्या घरातलं सगळ्यात मोठं रितेपण असतं. पंचाहत्तरीच्या बाईला नवऱ्याचं नाव उच्चारायची सवय नसते, ती 'आमचे हे' म्हणेल. नाव घ्यायला लावू नका. 'ह्यांना वांगं आवडत नाही' असं वर्तमानकाळात बोलली तर काळ दुरुस्त करू नका.

कागदी रुमालांचा डबा मधल्या स्टुलावर ठेवा. कुणी रडायला लागलं की पुढे करू नका. हातात रुमाल दिला की समोरच्याला ऐकू येतं, 'आता आवरा.' कुणी गप्प झालं तर मनात दहापर्यंत मोजा आणि मगच बोला. शिक्षिकांना हेच सगळ्यात अवघड जाईल.

'सुटली बिचारी', 'वय झालंच होतं', 'मुलांकडे बघा', 'देवाला आवडला' ही वाक्यं गटात बंद. ती खोटी आहेत म्हणून नव्हे. त्यांच्यापुढे 'हो' म्हणण्यापलीकडे काही बोलताच येत नाही, म्हणून. त्याऐवजी: 'दिवसातली कुठली वेळ जड जाते?' बहुतेकांचं उत्तर दिवेलागण असतं. म्हणून बैठक साडेपाचला संपवा आणि त्यानंतर पंधरा मिनिटं चहा सक्तीचा. डोळे सुजलेला माणूस थेट जिना उतरून रस्त्यावर जाता कामा नये.

भजन नको. सगळे त्या पंथाचे असतीलच असं नाही. शिवाय सुरात सूर मिळाला की जे बोलायचं ते आतच राहतं.

पहिला_मजला

वर बैठकीचं सगळं आलंय. मी बैठकीच्या आधीचं सांगते, वैद्यकीय समाजकार्याच्या अंगाने.

आठवा दिवस आणि एकविसावा दिवस, दोन फोन ठरवून टाका. आठव्याला घरातला दुसराच कुणी उचलतो, त्याला फक्त नाव-नंबर द्यायचा. एकविसाव्याला ते माणूस स्वतः उचलतं. पहिला प्रश्न: 'आत्ता बोलता येईल, की खाली उतरून फोन करता?' मुंबईतल्या खोलीत मुलगा, सून, नातवंडं आणि टीव्ही सगळं एकाच ठिकाणी. रडायला जागा म्हणजे मोरीतला सोडलेला नळ. तिथे 'कसं वाटतंय?' विचारलं तर 'बरं आहे' हेच येणार. घरचे ऐकत असतील तर हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा: झोप लागते का, जेवलात का, उद्या अकराला गच्चीवरून फोन कराल का.

अर्जात 'तेरावा कधी' असा रकाना ठेवू नका. बौद्ध घरात जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असतं, ख्रिस्ती घरात महिन्याची मिस्सा. मुसलमान विधवेची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे पाळायचा काळ, चार महिने दहा दिवसांची, त्या काळात ती तुमच्या खोलीत येणार नाही. तिच्यासाठी फोन, किंवा बाई कार्यकर्तीने घरी जाणं.

कागदपत्रांना कमी लेखू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. रुग्णालयात मृत्यू झाला तर ते कळवतात. घरी झाला तर डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि दुःखात तेच हरवतं. दाखल्याच्या मूळ प्रती एकदाच पाच-सहा काढून ठेवा. पण बँकेत त्यांच्याऐवजी जाऊ नका, त्यांच्यासोबत जा. ज्या बाईने चाळीस वर्षं पासबुक उघडलं नाही तिने स्लिप स्वतः भरणं, हा पारावरची म्हणतात तो दुसरा काठ आहे. कार्यकर्त्याने ती भरून दिली की दोघांनाही बरं वाटतं आणि बाई होती तिथेच राहते.

लोकलच्या अपघातातला मृत्यू असेल तर वेगळं प्रकरण. रेल्वे पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन, ओळख पटवणं. गाडीतून पडून मृत्यू असेल तर रेल्वे दावे न्यायाधिकरणात एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, भरपाई ८ लाख. रूळ ओलांडताना झाला असेल तर सहसा मिळत नाही. या लोकांना तोच प्रसंग पोलिसांना, वकिलाला, नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगावा लागलेला असतो. गटात त्यांना 'कसं झालं?' विचारू नका. 'ते कसे होते?' विचारा.

दर्भाचा_कावळा

पारावरची यांचं बहुतेक पटलं, पण भजनाबरोबर श्रद्धाही दाराबाहेर ठेवलीत असं वाटलं. तिथे चूक होईल.

दहाव्याच्या पिंडाचं उदाहरण घ्या. कावळा शिवला नाही की घरचे एकेक वचन देत सुटतात: धाकटीचं लग्न करू, घर विकणार नाही, भावाशी बोलू. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावतात. विधी संपतो, पण त्या माणसाच्या डोक्यात राहतं की तिची काहीतरी इच्छा राहिली. महिने उलटले तरी तेच. यावर गटात दोन चुका होतात. एक हसणारा असतो: बाणगंगेवरचे कावळे दहापर्यंत जेवून तृप्त झालेले असतात, त्यांना कुठला पिंड! (खरं असेल, पण त्याने कुणाची बोच गेलेली नाही.) दुसरा तिथल्या तिथे नवा विधी सुचवतो. दोघांनाही थांबवा आणि विचारा, 'तिची कुठली इच्छा राहिली असं तुम्हाला वाटतं?' जे उत्तर येईल तीच त्या माणसाची अपराधाची गाठ. बहुतेक वेळा ती इच्छा नसतेच. 'आयसीयूत हलवायला उशीर केला', 'शेवटी ती घरी न्या म्हणत होती' असं काहीतरी असतं.

मग 'तुमचा काही दोष नाही' असं झटकून टाकू नका, ते त्याला पटत नाही. कागदावर दोन रकाने करा: त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं, आणि आज काय माहीत आहे. रिपोर्ट कधी आला, डॉक्टर काय म्हणाले, रात्री किती वाजले होते, सगळं तारीखवार. आजच्या माहितीवर त्या दिवशीच्या माणसाला दोषी ठरवलंय हे त्याला स्वतःला दिसू द्या. आणि कधी कधी खरंच चूक झालेली असते. तेव्हा ती पुसू नका. गेलेल्या माणसाला पत्र लिहायला सांगा, ज्या भाषेत भांडायचे त्याच भाषेत. पत्र गटात वाचायची सक्ती नाही.

बायकांच्या बाबतीत बांगड्या आणि कुंकू हा विषय निघणारच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं परिपत्रक काढलं, एवढी माहिती द्यायला हरकत नाही. पण टिकली लावा असा आग्रह गटाने धरू नये. न लावण्याची सक्ती एकदा झालीच आहे, आता लावण्याची नको.

पारावरची

मान्य. भजन नको म्हणाले ते सुरुवातीला नको. बोलण्यात देव आला तर येऊ द्या.

कार्यवाह_गिरगाव

फार उपयोग झाला. तीन शंका. एका सभासदांच्या पत्नीला जाऊन चौदा महिने झाले, ते अजून रोज तिचं ताट वाढतात. मुलं म्हणतात हे वेड आहे. दुसरं, गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करावा का? तिसरं, नातवंडांचं काय? आजीबद्दल विचारतात आणि घरात कुणी उत्तर देत नाही.

खडू_डस्टर

नातवंडांचं मी सांगतो, शाळेतल्या समुपदेशनाचा विषय आहे.

'आजी झोपली' आणि 'आजी गावाला गेली' ही दोन वाक्यं घरातून हद्दपार करा. पहिल्याने पोर झोपायला घाबरतं, दुसऱ्याने दाराकडे डोळे लावून बसतं. पाचाच्या आतल्या मुलाला मरण म्हणजे परत येता येईल अशी जागा वाटते, त्यामुळे तोच प्रश्न वीसदा येईल. वीसदा तेच उत्तर द्यायचं: 'आजीचं शरीर बंद पडलं. ती आता श्वास घेत नाही, तिला दुखत नाही, ती परत येणार नाही.' नऊ-दहाच्या पुढच्या मुलाला हे सगळं कळतं, त्याला आजाराचं नाव सांगा. न विचारलेले तीन प्रश्न प्रत्येक मुलाच्या पोटात असतात: माझ्यामुळे झालं का, मलाही होईल का, आता मला शाळेत कोण सोडणार. तिसऱ्याचं उत्तर आधी द्या, वार आणि माणसांसकट. मूल रडून पाच मिनिटांत खेळायला पळालं तर ते विसरलं असं नाही. त्याचे घोट लहान असतात.

पारावरची

ताट वाढणं हे वेड नाही. गेलेल्याशी नातं ठेवून जगणं ही चुकीची गोष्ट नाही, हे शोकाच्या अभ्यासकांनी तीसेक वर्षांपूर्वीच मान्य केलंय. ताटाकडे बघू नका, ताट वाढणाऱ्याकडे बघा. स्वतः जेवतात का? खाली उतरतात का? वजन किती उतरलं? ताट वाढून मग कट्ट्यावर येऊन गप्पा मारत असतील तर मुलांना गप्प बसवा. ताट वाढून स्वतः उपाशी, दार उघडत नाहीत, असं असेल तर गट पुरेसा नाही.

'लांबलेला शोक' हे आता रीतसर निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत किमान सहा महिन्यांनंतर, अमेरिकेच्या डीएसएम या मानसिक आजारांच्या पुस्तिकेच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी किमान बारा महिन्यांनंतर. नुसते महिने मोजून मात्र ठरत नाही. जवळजवळ रोज तीव्र ओढ किंवा सतत त्याचेच विचार हवेत. सोबत आपलाच एक भाग मेल्यासारखं वाटणं, मृत्यूवर विश्वास न बसणं, आठवण येईल अशा जागा टाळणं, जगण्याला अर्थ न वाटणं अशा डीएसएममधल्या आठ लक्षणांपैकी निदान तीन महिनाभर टिकून हवीत. आणि त्याने रोजचं जगणं अडलेलं हवं, तेही त्या माणसाच्या रीतिरिवाजाच्या मापाने जास्त. यावरचा उपचार वेगळा, साधारण सोळा सत्रांचा. २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत सिटालोप्रॅम या नैराश्याच्या गोळीने शोकाची ओढ कमी केली नाही. उपचाराच्या जोडीने दिल्यावर नैराश्याची लक्षणं मात्र कमी झाली. म्हणजे गोळी निरुपयोगी नाही, पण शोकाची गोळी नाही.

गोळीवरून आठवलं. मेव्हण्याकडची अल्प्राझोलामची पट्टी 'झोप लागेल' म्हणून घेतली जाते. म्हाताऱ्या माणसाचा रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, खुबा मोडतो, आणि सवय लागते ती वेगळी. मुलाखतीत पट्टीचं नाव विचारा. कुणी चालू केली असेल तर एकदम बंदही करायला सांगू नका, डॉक्टरकडे पाठवा. आणि छातीत दुखतंय हे 'दुःखाने होतंय' म्हणून गटात कधीही सोडू नका. धक्क्याने हृदयाचा एक कप्पा फुग्यासारखा फुगतो, त्याला जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ताकोत्सुबो हे नाव दिलं, आणि तो हुबेहूब हार्ट अटॅकसारखा दिसतो. ईसीजी आधी, सांत्वन नंतर.

पाठवायचं कुठे: तुम्हाला जवळची नायर आणि जे. जे., दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतही बोलतात. हा नंबर खोलीच्या दाराला आतून लावा, बाहेरून नको. बाहेर लावला की ती खोली 'मेंटल'ची होते आणि कुणी येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, पण फक्त सूचना टाकता येतील असा. मोकळा ठेवलात तर सकाळी सहाला गुलाबाचं फूल, आणि रात्री दोनला कुणीतरी 'आता सहन होत नाही' लिहिणार. ते वाचायला कुणी जागं नसणार.

एक राहिलं. आठवी बैठक शेवटची आहे हे पाचव्यालाच सांगा. गट संपणं हीसुद्धा ताटातूटच आहे, अचानक झाली तर तीच जखम. सातव्या बैठकीत प्रत्येकाने कॅलेंडरवर आपल्या पुढच्या जड तारखा लिहायच्या: लग्नाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध, पहिली दिवाळी. त्या दिवशी कोण कुणाला फोन करणार, हे तिथेच ठरवायचं.

कार्यवाह_गिरगाव

फ्लेक्सची ऑर्डर थांबवली. आगाऊ दिलेल्या पैशांत त्याच छपाईवाल्याकडून त्या अर्ध्या तासाच्या मुलाखतीचे शंभर फॉर्म छापून घेतो.

पारावरची

नका छापू. हातात फॉर्म आला की मुलाखतीची जनगणना होते. प्रश्न पाठ करा, आणि माणूस जिना उतरला की वहीत लिहा.